कडुनिंबाची छाटणी

तिरुवैयारूला आमचे घर ज्या वसाहतीत आहे, तिथे पूर्वी एक जुनी राई होती. तामिळमध्ये राईला तोप्पु म्हणतात. आमच्या घरच्या मराठीतही तोच शब्द रुळला आहे. भूखंड पडले तेव्हा नारळी आणि केळी गेल्या, पण कडेची थोर झाडे राहिली : दोन कडुनिंब, एक चिंच, एक मोह आणि फाटकापाशी एक अवाढव्य पर्जन्यवृक्ष. या शेवटच्याला इकडचे लोक तूंगुमूंजी म्हणतात, म्हणजे झोपाळू तोंडाचा, कारण दिवस कलला की तो पाने मिटून घेतो. मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातला हा परका वृक्ष पौष वद्य पंचमीला त्यागराजांच्या आराधनेसाठी आलेल्या माणसांना आपल्या सावलीत घेतो. त्याच्याखाली मोटारी उभ्या राहतात, मुले झोपतात, दशम्या सुटतात. अशा झाडाचे सोबती होणे ही जबाबदारी असते हे मला फार उशिरा कळले.

कडुनिंबांपैकी एक आमच्या अंगणात येतो. पाडव्याला त्याची कोवळी पाने आणि पुढे तामिळ वर्षारंभी, चित्तिरै महिन्याच्या पहिल्या दिवशी, त्याची फुले, असा त्याचा आमच्या घराशी दुहेरी व्यवहार. आई ती फुले सावलीत वाळवून वर्षभर रसमासाठी ठेवी. एकोजीराजांच्या मागून या प्रांतात आलेल्या घराण्यांतले आम्ही. दोन नववर्षे पाळण्याचे आम्हाला अवघड वाटत नाही. (आम्हा तंजावरकरांना कुणी तुटलेली फांदी म्हटले की मला हसू येते. तुटलेली फांदी वाळते. १८५५ साली इथले मराठा राज्य गेले, तरी आमच्या माजघरात मराठी बोलणे थांबले नाही.)

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणीच्या बाजूला, नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. आम्हाला वाऱ्याची नुसती कड लागली. पण ती रात्र आम्ही सारे जागेच होतो. पुढच्या आठवड्यात रहिवाशांची बैठक भरली. झाडांची उंची कमी करावी असे ठरले. त्या वर्षी मी चिटणीस होतो. कागदावर सही माझी आहे.

पर्जन्यवृक्ष वाचला, कारण त्याच्यासाठी मोठी शिडी मिळाली नाही. कडुनिंबाचे मात्र डोके उतरवले. मांडीएवढ्या फांद्या एका उंचीवर सपाट कापल्या आणि उघड्या तोंडांवर डांबर फासले. ते काळे गोल पाहून मला बरे वाटले होते, हे कबूल केले पाहिजे. जखमेवर मलमपट्टी केल्यासारखे ते दिसे. पुढच्या चित्तिरैत एकही फूल आले नाही. आईने बाजारातून फुले आणली आणि मला काही म्हटले नाही.

पालवी मात्र फुटली, आणि अशी जोमाने की आम्ही चूक विसरलो. प्रत्येक ठोकळ्याच्या कडेने दहा-दहा सरळसोट फोक वर गेले. असे फोक फांदीसारखे खोडाच्या आतून येत नाहीत. ते वरवरच्या थरात रुजतात, आणि खाली लाकूड कुजत असते. २०२१ च्या पावसाळ्यात मनगटाएवढा एक फोक बुडातून सोलून निघाला आणि कपडे धुण्याच्या दगडावर पडला. आई तिथून नुकतीच उठली होती. मी ठोकळ्यात बोट घातले, ते भिजल्या चिंधीत शिरावे तसे शिरले.

त्यानंतर मी वाचू लागलो. अमेरिकेतील वृक्षशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिली होती. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही, असे त्यांनी दाखवले. बिघडलेले लाकूड झाड दुरुस्त करीत नाही. त्याच्याभोवती आतून भिंती घालते आणि बाहेर नवे लाकूड वाढवते. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची जरा फुगीर वळी असते. तिच्या बाहेर काप घेतला तर झाडाला भिंत घालता येते. वळी कापली किंवा लांब खुंट सोडला तर येत नाही. डांबराने कुज थांबत नाही.

हेच शहाणपण, कोणतेही पुस्तक न वाचता, नदीपलीकडच्या गावातल्या एका वृद्ध छाटणाऱ्याच्या हातात होते. त्याने अरिवाळाच्या पाठीने खोड ठोकले, कान लावला आणि मला म्हणाला, ‘सामी, हे तुम्ही केलेत?’ जड फांदी तो आधी खालून थोडी चिरतो, मग जरा पुढे वरून कापतो, म्हणजे ती साल ओरबाडीत खाली येत नाही. उरलेला खुंट शेवटी वळीशी काढतो. पर्जन्यवृक्षाच्या फक्त तीन वाळक्या फांद्या त्याने उतरवल्या आणि रस्त्यावर झुकलेली एक हलकी केली. बाकीला हात लावायला त्याने साफ नकार दिला. आमच्या सभासदांना तो कामचुकारपणा वाटला.

महाराष्ट्रातले माझे नातलग मृगाआधी झाडे छाटतात. इथे मोठा पाऊस ऐप्पसी आणि कार्त्तिगैचा, म्हणून तो आवणीत येतो, घरटी पाहतो आणि मगच चढतो. कडुनिंबाचे फोक एकदम काढत नाही. दरवर्षी थोडे विरळ करून प्रत्येक ठोकळ्यावर एक-दोन बळकट ठेवतो. उत्तरेकडचा ठोकळा मात्र पोकळ झाला आहे, आणि तो पडवीच्या वर आहे. खालच्या एका न कापलेल्या फांदीला यंदा फुले आली. आईने ती ताटात पसरली. मूठभरच होती, तिने त्यांतली निम्मी शेजारी पाठवली.

उत्तरेकडच्या ठोकळ्याचे काय करायचे, ते तो वरून मला दर वर्षी विचारतो. मी लगेच उत्तर देत नाही. खोडाभोवती फिरून पुन्हा पाहून येतो. तोवर तो फांदीवर बसून विडी ओढतो.