खाडीकाठची घरे आणि आपली आवड

वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे उत्तर काठावर दाभोळ आहे. बहमनी आणि आदिलशाही काळात हे मोठे बंदर होते. हजचे यात्रेकरूही इथून जहाजात बसत. आज गुहागरकडून येणारे लोक धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडतात. बहुतेक जण जुनी शाही मशीद बघायला येतात. पण वेळ असेल तर दाभोळची आणि खाडीकाठच्या गावांची घरेही पाहावीत. घर सजवायचे म्हणजे काय, हे तिथे चांगले समजते.

जुनी घरे जांभ्या दगडाची. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. पण तो पाणी शोषतो, आणि या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून कौलारू छप्पर उतरते आणि भिंतीच्या बाहेरपर्यंत आलेले. पुढे पडवी, मग ओटी, आत माजघर. पाहुणे पुरुष पडवीत बसतात, घरातल्या बायका आत मोकळेपणाने वावरतात. पाऊस आणि पर्दा, दोन्हींचा विचार त्या रचनेतच आहे.

त्यांच्या शेजारी आखाताच्या कमाईतून उभे राहिलेले बंगले आहेत. सपाट स्लॅब, मोठ्या काचा, गुळगुळीत फरशी. मेहनतीच्या पैशाचे घर, त्याला नावे कशाला ठेवायची? पण अनेक स्लॅबवर गळती थांबवायला आता पत्र्याची शेड चढली आहे. परमुलखात शोभणारे छप्पर कोकणच्या पावसात टिकेलच असे नाही.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथे हाच विषय चालू होता. मुलगा कुवेतला. त्याने फोनवर फॉल्स सीलिंगचे फोटो पाठवले होते. जुने घर पाडून तसे बांधू म्हणत होता. वडील जहाजावर नोकरी करून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "माझ्या अब्बांनी चिरा चिरा जोडून बांधलंय. मी जिवंत असेपर्यंत पाडणार नाही." सून चहा घेऊन आली आणि अदबीने म्हणाली, "बाबा, पडवी मलाही आवडते. पण स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागतो. तिथे उभी मी राहते." ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

मला वाटते, घराची खरी शैली इथून सुरू होते. पुरुषाच्या आठवणी आणि मुलाचे फोटो यांच्याइतकीच रोज राबणाऱ्या बाईची गरज महत्त्वाची. त्या घरात शेवटी ठरले ते असे: पडवी, झोपाळा आणि लाकडी खांब तसेच ठेवायचे, स्वयंपाकघराला मोठी खिडकी पाडायची, कौलांत काचेची दोन कौले बसवायची आणि ओटा सुनेच्या उंचीप्रमाणे बांधायचा.

आपण शहरात दोन खोल्यांत राहत असलो तरी हीच रीत उपयोगी पडते. पडदे, सोफा विकत घेण्याआधी आठवडाभर घराकडे नीट पाहावे. सकाळचे ऊन कुठे येते? मुले कुठे अभ्यासाला बसतात? नमाजची चटई कुठे अंथरली जाते? पाहुणे आले की घरातल्या बायका कुठे जातात? ज्या कोपऱ्यात सगळे आपोआप जमतात, तो आधी सजवावा. आजीची रजई, दादांची पेटी, भिंतीवरची आयत, जे जपावेसे वाटते ते ठेवावे. उरलेले नसले तरी चालते.

सूरह नहलमध्ये घराचा उल्लेख विसाव्याची जागा म्हणून आला आहे, आणि इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्याला मना आहे. कर्ज काढून शेजाऱ्यासारखी बैठक सजवली आणि हप्त्याच्या काळजीने झोप उडाली, तर तो विसावा कुठला? नवीन वस्तू आणण्याआधी घरातल्या प्रत्येकाला एकदा विचारा: तुला या घरात कुठे बरे वाटते, आणि कुठे त्रास होतो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी ऐका.