कलम

डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं त्याच आठवड्यात मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि त्याची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडली. ग्रॅव्हल बाईक म्हणतात तिला. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर दीड इंचाहून थोडे जाड, खास कच्च्या रस्त्यासाठी. ५२ व्या वर्षी मी तिच्यावर टांग टाकली तेव्हा बायको म्हणाली, "हायवेला जाऊ नका बरं." हायवेला मी जाणारच नव्हतो.

नाशिकहून म्हसरूळ सोडलं, डावीकडे रामशेज दिसायला लागला, की मी डांबरी रस्ता सोडतो. जानोरी, मोहाडीच्या बाजूने आडवाटेला लागलं की दिंडोरी तालुक्याचं शिवार सुरू होतं. बागांमधले वहिवाटीचे रस्ते, चारीच्या कडेच्या वाटा, आणि पुढे पाटाच्या भरावावरचा मुरमाचा रस्ता. पाटकऱ्याची मोटारसायकल आणि एखादा ट्रॅक्टर सोडला तर तिथं कोणी नसतं. मुरमावर टायर करकरतो तेवढाच आवाज. लोक वाईन प्यायला मुंबईहून इकडे येतात, पण ती बाग कशी उठते, हे पाहायचं तर या रस्त्याने सकाळी साडेसहाला यावं.

जानेवारीत हातमोजे घालूनही बोटं वाकत नाहीत. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या केलेल्या असतात, त्यांचा धूर पाटाच्या पाण्यावर लोळत असतो. पेठ-सुरगाण्याहून आलेली माणसं बांधावरच्या पालातून उठून चुलीला लागलेली असतात. खायच्या द्राक्षाची बाग दुरूनच कळते. मांडवाखाली सावली आणि निर्यातीच्या घडांना बांधलेले कागद. वाईनची बाग वेगळी. उभ्या तारांवर ओळीने चढवलेली, या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस दिसतो. घड लहान, गच्च, मणी बारीक आणि आत बिया.

ते मणी मी ओळखतो. आमच्याकडे ते दीड एकर होते.

२००६ साली मी बँकेत होतो. वायनरी निघत होत्या, सरकारने २००१ मध्ये धोरणच आणलं होतं, विंचूरला वाईन पार्क झाला होता. मला वाटलं, आपण मागे का राहायचं? नाना, माझा थोरला भाऊ, बाग करायचा. तात्या माळकरी. दरवर्षी पौष वारीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या दर्शनाला चालत जाणारे. ते म्हणाले, "दारूची द्राक्षं आपल्या वावरात नकोत." मी त्यांना तासभर समजावलं. जीए लागत नाही, मण्यांच्या विरळणीची कटकट नाही, कंपनी पाच वर्षांचा करार करते, दर आधीच ठरलेला. तात्या उठून गेले. नाना मात्र हो म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला.

करार इंग्रजीत होता. मी तो ओट्यावर बसून वाचला. त्यात एक कलम होतं, की कंपनीच्या गरजेपेक्षा जास्त माल झाला तर तो उचलणं कंपनीवर बंधनकारक नाही. मी तिथं थांबलो. साहेब चहा पीत होता. नानाने विचारलं, "काय म्हणतंय?" मी म्हणालो, "काही नाही, असं सगळ्यांतच लिहितात." नानाने सही केली.

शिराज लावली. डॉगरिज खुंटावर. पहिले दोन हंगाम ट्रक वेळेवर आला. रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी बघायची, पहाटे गारव्यात तोडा, क्रेट भरून दहाच्या आत रवाना. मग २००८ ची मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाईन टाक्यांतच राहिली. २०१० च्या फेब्रुवारीत आमचा ट्रक आलाच नाही. फोन केला तर आज-उद्या. मग फोन उचलेनात.

खायची द्राक्षं असती तर पिंपळगावला नेली असती, पडेल भावात का होईना. बेदाणा केला असता. हा माल कोण घेणार? बाजारात कोण तो तोंडात घालणार? एकच गिऱ्हाईक असलेलं पीक होतं ते, आणि ते गिऱ्हाईक मी दारात आणलेलं. पाखरं आली, गांधीलमाश्या आल्या. दीड एकरभर आंबूस वास सुटला. तात्या त्या बाजूला फिरकले नाहीत. एप्रिलमध्ये लोक खरड छाटणी करत होते तेव्हा नानाने कुऱ्हाड घेतली.

मला तो एका शब्दाने बोलला नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी लग्नकार्याला जायचो, तात्यांच्या दहाव्या-तेराव्याला गेलो, पण वावरात पाय ठेवला नाही. चौदा वर्षं.

सायकल हाती आल्यावर मी त्याच बाजूला का वळायचो, ते मला कळत नव्हतं असं नाही. पाटाच्या रस्त्याने आमच्या शिवारापर्यंत यायचो, कादवेच्या अलीकडून परत फिरायचो.

गेल्या पौषात एका सकाळी पाटावर दिंडी भेटली. त्र्यंबकेश्वराकडे निघालेली. मागचा माणूस ओरडला, "माउली, सायकल आली, वाट द्या!" सगळी रांग एका कडेला झाली. मीच उतरलो, सायकल धरून उभा राहिलो. पताका गेल्या, तुळशीवाल्या बाया गेल्या. तात्या याच रस्त्याने जायचे. दिंडी लांब गेल्यावर मी परत फिरलो नाही. सरळ वावरात गेलो.

नाना बागेत घड बघत होता. मला पाहून नवल वाटल्याचं त्याने दाखवलं नाही. सायकलपाशी आला, टायर अंगठ्याने दाबला. "हवा कमी हाय रे."

"मुद्दाम कमी ठेवतात नाना. खडीवर टायर दबला पाहिजे, नाहीतर उडतो."

"अस्सं," म्हणाला. वहिनी चहा घेऊन आल्या. "भाऊजी, एवढ्या लांबून सायकलीवर?" म्हणत त्यांनी सोबत भाकरीही दिली.

बाग थॉम्पसनची होती. खोडं जाड, जमिनीपासून हातभर वर गाठ. मी गाठीवर हात ठेवला. नाना म्हणाला, "तीच जागा. वरचं तोडलं, खुंट ठेवला होता. त्याला फूट आली, भाद्रपदात थॉम्पसनचं कलम केलं. मुळं खोल गेली होती, ती कशाला उपटायची?"

तेव्हा मला राहवलं नाही. "नाना, करारातलं ते कलम मी वाचलं होतं. तुला सांगितलं नाही."

त्याने चहा संपवला. कप बांधावर ठेवला.

"मला माहीत होतं. सहीच्या आधी साहेबाला बाजूला घेऊन मी विचारलं होतं. त्यानं मराठीत सांगितलं. तरी केली मी सही. मलाबी मोठं व्हायचं होतं ना." मग थोडं थांबून म्हणाला, "सही माझी होती. तू कशाला एवढी वर्षं येईना झालास?"

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आजही नाही.

निघताना त्याने दोन किलो द्राक्षं कागदात बांधून पिशवी हँडलला अडकवली. साखरेचं मी त्याला बोललो नाही. पाटावरून हळू आलो. मणी दबू नयेत म्हणून प्रत्येक खड्डा चुकवत.