धाव

संध्याकाळी गाडी अंगणात लावली की मी उकिडवा बसतो आणि घराच्या किल्लीने टायरच्या खाचांमध्ये अडकलेले कोळशाचे खडे काढतो. भद्रावतीहून चंद्रपूरला रोज जा-ये करणाऱ्याच्या टायरमध्ये ते सापडायचेच. घोडपेठ, ताडाळी, पडोली, सारी वाट कोळशाच्या ट्रकांच्या सोबतीची. ताडपत्रीच्या फटीतून चुरा गळत राहतो आणि मागून येणाऱ्याच्या चाकाला चिकटून घरी येतो. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी पुढच्या चाकात किल्ली शिरेचना. शिरायला खाचच राहिली नव्हती.

खाचेच्या तळाशी रबराची एक आडवी पट्टी असते, १.६ मिलिमीटर उंचीची. टायर झिजत झिजत तिच्या बरोबरीला आला की त्याचं आयुष्य संपलं, असं कायदाही मानतो. आमच्याकडे अशा टायरला ‘गोटा झाला’ म्हणतात. माझे पुढचे दोन्ही गोटा झाले होते, मागचे त्या वाटेवर होते.

गाडी म्हणजे फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. चाकणला जन्मलेली, १.२ लिटरच्या टर्बो इंजिनाची. बाहेरून चार माणसांच्या कुटुंबाची साधी छोटी गाडी, पण पाय जरा दाबला की पाठ सीटला टेकते आणि पोटात लहानपणीचा झोपाळा हलतो. २०२२मध्ये पोलो भारतात बनणं थांबलं, तेव्हा घरातलं कुणी निवृत्त व्हावं तसं मला वाटलं होतं. हिच्यातूनच मी नोकरीला जातो, हिच्यातूनच तांदळाचं पोतं येतं, आईला दवाखान्यात न्यायलाही हीच. रविवारी पहाटे मात्र ती माझ्या एकट्याची असते. अशा गाडीला कोणते टायर घालायचे, हा प्रश्न मी महिनाभर उशाशी घेऊन झोपलो.

त्या महिन्यात मला आबाजींची, माझ्या आजोबांची, फार आठवण आली.

तालुक्यातल्याच एका खेड्यात आबाजींची शेती होती. ओझ्याला बंडी आणि माणसांना न्यायला रेंगी. रेंगी हलकी, लहान चाकांची, बसायला गवतावर सतरंजी. लाकडी चाकाच्या घेरावर लोखंडाचा जो पट्टा चढवतात, त्याला धाव म्हणतात. रबराचा टायर येण्याआधी आपल्या भाषेत टायरला हा शब्द होता, आणि मला तो अजून जास्त आवडतो. धाव झिजली की लोहाराकडे जायचं. नवी धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवत. गोवऱ्यांच्या आगीत ती लालबुंद होऊन फुगायची, मग दोघं-तिघं सांडशीने धरून ती चाकावर बसवत आणि लगेच वरून पाण्याच्या घागरी ओतत. चर्र आवाज, वाफेचा लोट, जळक्या लाकडाचा वास. लोखंड आकसायचं आणि सगळं चाक घट्ट आवळून धरायचं. वैशाखात लाकूड वाळून धाव ढिली झाली की आबाजी रात्री चाकं बोडीच्या पाण्यात टाकून ठेवत. सकाळी लाकूड फुगलेलं असायचं.

लोहारापाशी आबाजी बराच वेळ घेत. धाव किती रुंद हवी, हा त्यांचा प्रश्न. अरुंद पातळ धाव हलकी पळते, पण पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत ती सुरीसारखी रुतते. रुंद धाव रुतत नाही, पण बैलांच्या खांद्यावर तिचा भार येतो. हौस तर त्यांना होतीच. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतींना, ते न चुकता जायचे, आणि पटाहून परतताना वाटेत रेंग्यांची आपसात लागायची. पटात पळणारा छकडा म्हणजे नुसता सांगाडा. त्यावर ज्वारीचं पोतं ठेवता येत नाही की म्हातारी आत्या बसवता येत नाही. आबाजींना बाजारही त्याच रेंगीने करायचा होता आणि परतीची शर्यतही त्याच रेंगीने जिंकायची होती. ते धाव हातात घेऊन बोटांनी रुंदी मोजत आणि बराच वेळ काही बोलत नसत. पुढे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने राज्याचा शर्यतींचा कायदा उचलून धरला. आबाजी यांतलं काहीच पाहायला नव्हते.

मेच्या पहिल्या आठवड्यात पडोलीला एका टायरवाल्याकडे गेलो. महिनाभर वाचून मी एक यादी करून नेली होती. वरच्या ओळीत मिशलिनचा पायलट स्पोर्ट. त्याने यादी बघितली, घडी घालून मला परत दिली आणि विचारलं, ‘‘भाऊ, गाडी कोनत्या रस्त्यानं चालते, थे सांगा अगोदर. टायरचं मंग पाहू.’’

मी सांगितलं. रोजचे ५० किलोमीटर, त्यांतले बहुतेक कोळशाच्या रस्त्याचे. रविवारी मुधोलीवरून मोहर्लीकडे, जंगलाला लागून. उन्हाळ्यात ४५-४६ अंश. आणि मागच्या वर्षी एका गड्ड्यात चाक आपटून टायरला बाजूने लिंबाएवढा फुगा आला होता, हेही सांगितलं. तसा फुगा म्हणजे साइडवॉलच्या आतले धागे तुटलेले असतात आणि हवेला फक्त वरच्या रबराने अडवून धरलेलं असतं. त्या दिवशी स्टेपनीवर घरी आलो होतो. (वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४च्या सुमारास जादा चाक बनवणारा कारखाना निघाला. त्या रस्त्याचं नाव आपल्या गॅरेजांत आजही रोज घेतलं जातं, याचा मला उगाच आनंद होतो.)

मग आम्ही अंकांवर आलो. माझ्या टायरवर १९५/५५ आर १६ असं लिहिलं होतं. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के, जवळपास १०७ मिलिमीटर, आणि रिम १६ इंचांची. एवढ्याच उंचीवर गड्ड्याचा सगळा मार झेलायचा. त्याच रिमवर २०५/५५ बसतो. भिंत साडेपाच मिलिमीटर वाढते, चाकाचा व्यास ११ मिलिमीटरने. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०२च्या जवळ असते, एवढाच फरक. साडेपाच मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाची रुंदीही नाही. पण आबाजी बोटांनी जे मोजत होते ते याहून फार वेगळं नव्हतं.

खरा पेच रबराचा होता. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरतं, त्याला धरून ठेवतं, आणि त्या धरण्यातच स्वतः झिजतं. कडक रबर हजारो किलोमीटर जास्त चालतं, पेट्रोलही वाचवतं, पण ओल्या रस्त्यावर हात सोडतं. १९९२मध्ये मिशलिनने काजळीऐवजी बराचसा सिलिका घालून टायर आणला, तेव्हापासून हा पेच थोडा सैल झालाय, सुटलेला नाही. स्पोर्ट टायरची भिंतही ताठ असते. वळणावर ती सुख देते, गड्ड्यात तेच सुख वसूल करते.

मला सगळ्यांत जास्त जे सांगायचं होतं ते मी शेवटी सांगितलं. गेल्या ऑगस्टमध्ये मोहर्लीच्या वाटेवर, भुरभुर पावसात, डावीकडच्या सागातून एक चितळ मादी समोर आली. मी फार वेगात नव्हतो. ब्रेक पूर्ण दाबला, पायाखाली एबीएस थरथरलं आणि गाडी घसरत राहिली. मादी बॉनेटपासून हातभर अंतरावरून गेली. मागून तिचं पाडस आलं नाही, ते झुडपाशी थांबून राहिलं होतं. मी बराच वेळ गाडी पुढे घेतली नाही. चार टायर रस्त्याला टेकतात ते चार तळहातांएवढ्या जागेवर, आणि आम्हा दोघांमध्ये त्या क्षणी तेवढंच होतं. कोणत्या टायरने गाडी किती पळते हा प्रश्न त्या दिवशीच माझ्यासाठी संपला होता. ती पावसात, जंगलात, कुठे थांबते एवढाच उरला होता, आणि ते कळायला मला महिनाभराची यादी करावी लागली.

टायरवाल्याने ऐकून घेतलं. ‘‘मंग असं करा,’’ म्हणाला, आणि मिशलिनचाच प्रायमसी ४ काढला, २०५च्या रुंदीत. ओल्या रस्त्यावर थांबण्यात चांगला, आवाजाला शांत, भिंत जरा सोशिक. वळणावर पायलट स्पोर्टइतका धारदार नाही. ते त्याने आपणहून सांगितलं. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचायला मी खाली वाकलो. पहिले दोन बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या उन्हात रबर गोदामात पडूनही म्हातारं होतं, म्हणून हे आकडे पाहिल्याशिवाय टायर घेऊ नये. ते ताजे होते.

पैसे वाचवावेत म्हणून मी म्हटलं, सध्या पुढचे दोनच घालू. त्यावर तो म्हणाला, दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे लागतील आणि मागचे पुढे येतील. मला हे उलटं वाटलं, कारण या गाडीचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. पण पुढचं चाक पाण्यावर सरकलं तर हातातल्या स्टिअरिंगला कळतं, माणूस पाय काढून घेतो. मागचं सरकलं तर गाडी गर्रकन फिरते आणि तोवर उशीर झालेला असतो. मी चारही घेतले. त्या महिन्यात घरात बाकी काही आलं नाही.

परत येताना काच खाली केली. नव्या टायरवरचे रबराचे बारीक केस डांबराला घासून जात होते. गाडीचा जुना घरघरता आवाज बंद झाला होता आणि ताडाळीच्या पुढे मला शेतातली टिटवी ऐकू आली. लाकडी बंडी जाऊन टायरची बंडी घरी आली, तेव्हा आबाजी पहिल्या दिवशी सारखे मागे वळून बघत होते म्हणे. आवाज नाही, तर चाक येतंय की नाही?

आता रोज नाही, पण पंधरा दिवसांनी सकाळी, ऊन चढायच्या आत, टायर गार असताना हवा तपासतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला पाऊस आला. पहिल्या पावसात या रस्त्यावर कोळशाची भुकटी आणि तेल मिळून काळा लगदा होतो, तो सगळ्यांत घातक. घोडपेठच्या पुढे म्हशींचा कळप रस्ता ओलांडत होता. मी ब्रेक लावला. गाडी जिथे थांबवायची होती तिथे थांबली, त्याच्या अलीकडेच खरं तर. शेवटची म्हैस निवांत होती, तिने मला चांगली दोन मिनिटं थांबवलं.

घरी आलो तेव्हा अंधार पडला होता. कंदिलासारखा मोबाइल धरून टायरपाशी बसलो. मधले केस झिजून गेले होते, कडेचे अजून तसेच होते. खोल खाचेत ओला कोळशाचा एक खडा बसला होता. किल्ली आत गेली, पार तळापर्यंत.