भिंतीला धडका देणाऱ्या पोरांची बाजू

पेठ वडगावात मोबाइलवर गेम खेळणाऱ्या पोराला दोन प्रकारे बोलणी बसतात. जिंकत असेल तर 'अभ्यास सोडून हेच धंदे'. आणि जिंकायचे सोडून तासभर एकाच भिंतीला धडका देत बसला असेल तर 'डोकं फिरलंय ह्याचं'. पहिल्याची बाजू घेणारे आता पुष्कळ झालेत. त्याला ई-स्पोर्ट्स म्हणतात, बक्षिसे देतात. आम्हाला दुसऱ्याची बाजू मांडायची आहे.

आमच्या रविवारच्या वर्गात असा नववीतला एक मुलगा आहे. गेमच्या नकाशाच्या काठावर जायचे, जिथे पुढे डोंगर दिसतो पण जाता येत नाही, तिथे इंच इंच सरकत फट शोधायची, हा त्याचा उद्योग. फट सापडली की त्याचा गडी जमिनीखाली पडतो आणि हा खालून सगळे गाव बघत बसतो. वडिलांनी मोबाइल काढून घेतला आणि आम्हाला म्हणाले, "सर, ह्याला जरा चार शब्द सांगा की." आम्ही ते चार शब्द वडिलांनाच सांगितले.

गेममधली भिंत दोनदा बांधलेली असते. एक डोळ्याला दिसणारी, रंगाची, विटांची. दुसरी न दिसणारी, पण अडवणारी. प्रत्येक कंगोऱ्याशी धडक मोजत बसले तर यंत्रावर ताण येतो, म्हणून अडवणारी भिंत साध्या ठोकळ्यांची करतात. जिथे दोन ठोकळे नीट जुळत नाहीत तिथे भिंत दिसते पण अडवत नाही. आणि कुठे मोकळे मैदान दिसते, पण पाऊल पुढे पडत नाही. शिवाय गेम हालचाल सलग बघत नाही. सेकंदाला ३० किंवा ६० वेळा तपासतो. वेग पुरेसा असला तर एका तपासणीला गडी अलीकडे, पुढच्या तपासणीला पलीकडे, आणि मध्ये भिंत होती हे गेमच्या गावीही नसते. खालून पाहिले तर घरे आरपार दिसतात, कारण बहुतेक भिंतींची एकच बाजू रंगवलेली असते.

दिसत नाही पण अडवते अशी भिंत म्हटल्यावर वर्गातली पोरे एकमेकांकडे बघून हसली. का हसली, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

आम्ही समाजशास्त्र शिकलो, प्रोग्रॅमिंग नाही. पण धडका आम्हीही दिल्या आहेत. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर, कॅसेट फुंकून फुंकून, आम्ही १९८५ सालचा सुपर मारिओ खेळत होतो. पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात, शेवटच्या पाइपजवळ, वाकून उलटी उडी नेमकी बसली की मारिओ भिंतीतूनच पलीकडे सरकतो. तिथल्या पाइपात उतरले की जगाचा आकडा गायब, नुसते '-१' दिसते. पाण्याखालचा तो टप्पा संपतच नाही. शेवटच्या पाइपातून पुन्हा सुरुवातीलाच. आम्हाला तेव्हा भुताटकी वाटली होती. कारण अगदी कोरडे आहे: गेमने जगाचा क्रमांक म्हणून ३६ वाचलेला असतो, आणि त्या क्रमांकाच्या चित्राची चौकट कोरी असते. भुताटकीच्या जागी कारण सापडते तेव्हा जो आनंद होतो, तो कोणत्याही मिशनपेक्षा मोठा.

वडील म्हणाले, "पण उपयोग काय?" आम्ही पुण्याचे उदाहरण दिले. युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ तिथे २००८ पासून आहे, आणि गेम तपासायचे काम तिथे झाले आहे. तपासणारा म्हणजे पगार घेऊन भिंतींना धडका देणारा. कुठे अडकलो, त्याआधी काय काय केले, पुन्हा तसेच केल्यावर पुन्हा तसेच होते का, हे त्याला लिहून द्यावे लागते. तेव्हापासून आमच्या मुलालाही वही घातली आहे. दुसऱ्या कोणाला तीनदा करून दाखवता आले तरच नोंद पक्की. नोकरीचे गाजर दाखवून त्याचा छंद आम्हाला खपवायचा नाही. 'असे का?' हा प्रश्न त्याच्या हाताला लागला आहे, आमच्यासाठी तेवढे पुरे आहे.

सगळ्याच गुप्त जागा चुकीने होत नाहीत, हेही पोरांना कळले पाहिजे. अटारी कंपनी गेम बनवणाऱ्यांची नावे गेमवर टाकत नसे. वॉरन रॉबिनेट ह्या प्रोग्रॅमरने १९८० सालच्या 'अॅडव्हेंचर'मध्ये एक खोली लपवली. जमिनीच्याच रंगाचा एक ठिपका उचलून ठराविक जागी न्यायचा, मग भिंत सोडते, आणि आत झळकते ते त्याचे नाव. कंपनीला पत्ता नव्हता. एका खेळणाऱ्या मुलाने शोधून पत्र लिहिले तेव्हा कळले, आणि तोवर रॉबिनेट कंपनी सोडून गेला होता. राबणाऱ्याचे नाव मालकाने पुसले, ते भिंतीमागून बाहेर काढले काठाकाठाने चाचपडणाऱ्या एका पोराने. ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा पहिल्यांदाच कोणी मोबाइलकडे बघितले नाही.

आमचा एकच वाद शिल्लक आहे. एकट्याने खेळताना भिंतीत शिरणे वेगळे, आणि बीजीएमआयमध्ये शंभर जणांच्या सामन्यात दगडाच्या आत लपून बाहेरच्यांना गोळ्या घालणे वेगळे. पहिला गेमला प्रश्न विचारतो. दुसरा, ज्यांना ती फट माहीत नाही त्यांना लुटतो. फट सापडली की ती सगळ्यांना सांगायची, असा आम्ही वर्गात नियम केला. त्यावर दहावीतला एक जण उभा राहिला: "सर, फट कंपनीची. मी नुसता आत शिरलो. माझी काय चूक?" मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, "मग मला का नाही सांगितलंस?" पहिल्याला उत्तर सुचेना, म्हणून येत्या रविवारी दोघांना अर्धा अर्धा तास दिला आहे.