खुर्ची नको, उभाच बरा



एरवी मी तुमच्याशी गादमाशी, खैरा, बीजप्रक्रिया अशा गोष्टी बोलतो. आज धानाचे काही नाही. जे दुखणे मी चार वर्षे घरच्या माणसालाही धड सांगितले नाही, त्याबद्दल आज लिहितो आहे. जागाच तशी अवघड. दोन मांड्यांच्या मध्ये, बैठकीच्या ठिकाणी. कोणाला दाखवणार आणि काय सांगणार?

विस्ताराच्या कामात माझी तीस वर्षे मोटारसायकलवर गेली. साकोली, लाखनी, लाखांदूरकडचे रस्ते तुम्ही जाणताच. रोवणीच्या दिवसांत तर सकाळी सीटवर बसलो की अंधार पडल्यावरच उतरायचे. एका पावसाळ्यात बसल्यावर आतून जळजळ सुरू झाली. निखाऱ्यावर बसल्यासारखे वाटे, कधी आत बोराएवढा खडा अडकल्यासारखे. उभे राहिले की कमी, आडवे झाले की जवळजवळ नाहीच. बैठकीत मी मागे भिंतीला टेकून उभा राहू लागलो. गावात लोक खुर्ची पुढे करत, मी "नको, उभाच बरा" म्हणे. एका म्हाताऱ्याने मात्र बरोबर हेरले. "साहेब, धुऱ्यावर उकिडवे बसता, मंग खुर्चीवर काहून नाही बसत जी?" मी हसून वेळ मारून नेली. खरे तर दुखण्याची अर्धी ओळख त्या प्रश्नातच होती, पण ती मला पुढे कळली.

आधी मूळव्याध म्हणून औषधे घेतली. मग एका ठिकाणी मूळव्याधीचे ऑपरेशनही झाले. दुखणे जागच्या जागी. नंतर प्रोस्टेटला सूज असेल म्हणून महिनोन्‌महिने जंतुनाशक गोळ्या. सगळे रिपोर्ट चांगले. शेवटी एकाने सांगितले, "तुम्हाला काही झालेले नाही, मनातून काढून टाका." या वाक्याने जितके दुखले तितके त्या जळजळीनेही दुखले नसेल. बांधीतला धान पिवळा पडला की आपण युरिया फेकतो. पण पिवळेपणा जस्ताच्या कमतरतेचा, म्हणजे खैऱ्याचा असेल, तर युरियाच्या कितीही गोण्या टाका, पान हिरवे होत नाही. हे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितले होते. स्वतःच्या बाबतीत मात्र चार वर्षे युरियाच फेकत बसलो.

नागपूरच्या एका डॉक्टरांनी मला पहिल्यांदा नीट प्रश्न विचारले. दुखते नेमके कुठे? बसल्यावर वाढते का? रात्री झोपेतून उठवते का? त्यांनीच सांगितले की प्युडेंडल नावाची एक नस असते. कण्याच्या तळाशी जे त्रिकोणी हाड आहे तिथून ती निघते आणि गुदद्वार, जननेंद्रिय व मधल्या भागाला संवेदना देते. वाटेत ती दोन चिवट बंधांच्या मधून जाते आणि पुढे एका अरुंद बोगद्यात शिरते. या बोगद्याचे वर्णन अल्कॉक नावाच्या आयरिश शरीरशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये केले. म्हणजे धुऱ्याखालची मोरीच समजा. मोरी दाबली गेली की त्रास खालच्या बांधीत दिसतो. आपण तिथे कितीही खणले तरी उपयोग नाही.

१९८७ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी हे दुखणे सायकल फार चालवणाऱ्यांत पाहिले. पुढे तिथल्याच नांत शहरी तज्ज्ञांनी ओळखीच्या खुणा ठरवल्या, त्या २००८ मध्ये छापून आल्या. दुखणे या नसेच्या मुलखात असते, बसल्याने वाढते, रात्री झोपमोड करत नाही, जागा बधिर झालेली नसते आणि नसेजवळ भूल देणारे इंजेक्शन दिले की तेवढ्यापुरते थांबते. संडासच्या भांड्यावर बसताना त्रास कमी होतो, कारण तिथे मधल्या भागावर भार येत नाही. म्हाताऱ्याचा धुरा तो हाच.

डॉक्टरांनी झोपताना घ्यायला एक गोळी दिली आणि एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवले. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मी दारातूनच परतणार होतो. त्यांनी आधी कागदावर चित्र काढून समजावले. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, तीच मूत्राशय आणि आतडे तोलून धरते. ही झोळी सतत आवळलेली राहिली तर त्यात गाठी धरतात आणि नसही चेपते. तपासणी बोटाने आतूनच करावी लागते, पुरुषाची गुदद्वारातून, बाईची योनीमार्गातून. हातमोजा घालून, विचारून, "थांबा" म्हटले की थांबून. सोबत घरचे माणूस बसू शकते. माझी पत्नी बसली होती.

बोटाने आत उजव्या बाजूला एक जागा दाबली आणि मी ओरडलो, "हेच! हेच ते!" चार वर्षांत पहिल्यांदा कोणाचे तरी बोट माझ्या दुखण्यावर पडले होते. डोळ्यांत पाणी आले, ते दुखण्याचे नव्हते. बाई एवढेच म्हणाल्या, "काका, तुम्ही हे स्नायू दिवसभर मुठीसारखे आवळून धरता. आता सोडायला शिका."

मग आठवड्यातून एकदा जाणे. गाठीवर हलका दाब, स्नायू सैल होईपर्यंत धरून ठेवायचा. मांड्या, नितंब, ओटीपोट बाहेरूनही मोकळे करायचे. घरी गुडघे दुमडून उताणे पडायचे, पोट फुगवत श्वास घ्यायचा आणि खालची झोळी सैल पडू द्यायची. ऐकायला सोपे, करायला नांगर धरण्याइतके अवघड. आवळायचा व्यायाम कोणी सुचवला तर जरा थांबा. ज्यांचे स्नायू आधीच ताठ आहेत त्यांचे दुखणे त्याने वाढू शकते. बद्धकोष्ठ होऊ द्यायचे नाही, कुंथायचे नाही. सीट बनवणाऱ्याकडून मी मधला भाग कापलेली फोमची गादी करून घेतली. मोटारसायकल वर्षभर बंद. उकिडवे बसणे मला मानवले, पण मांडी फार दुमडली की कोणाकोणाला त्रास वाढतो, तेव्हा माझे पाहून करू नका.

हाताच्या उपचाराला पुरावा काय, असे मी खात्यातला माणूस म्हणून विचारलेच. २०१२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. मूत्राशयाचे दुखणे आणि ओटीपोटाचे स्नायू दुखरे असलेल्या ८१ स्त्रिया त्यात होत्या. स्नायूंवर नेमका हात चालवला त्यांपैकी ५९ टक्के स्त्रियांनी गुण आल्याचे सांगितले, नुसत्या अंगमालिशीच्या गटात २६ टक्क्यांनी. दुखणे अगदी माझेच नव्हे, पण जवळचे. म्हणून गावातल्या चोळणाऱ्याकडून हे करवून घेऊ नका. ही जागा जोरजबरीची नाही.

औषधे अमिट्रिप्टिलिन, गॅबापेन्टिन अशा जातीची असतात. ती नसेची आग कमी करतात, पण गुंगी आणतात. ती घेऊन फवारणीला किंवा गाडीवर जाऊ नये, आणि डॉक्टरांना न विचारता सुरूही करू नये, बंदही करू नये. त्याने भागले नाही तर नसेजवळ इंजेक्शन, आणि अगदी शेवटी नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया. तिनेही सर्वांना गुण येतो असे नाही. मात्र लघवी अचानक अडली, बैठकीची जागा बधिर झाली, रक्त पडू लागले, ताप आला किंवा वजन घटू लागले, तर हे दुखणे वेगळे. तेव्हा एक दिवसही थांबू नका.

आता भगिनींबद्दल. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना अंगावरचा कोणता ना कोणता आजार होता, पण आधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. बाकीच्या सोसत होत्या. आणि दुसरे टोक बीडचे. २०१९ मध्ये तिथल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचे सर्वेक्षण झाले, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ओटीपोट दुखते, पिशवी काढा. पण दुखणे स्नायूचे आणि नसेचे असेल तर पिशवी जाते, दुखणे राहते.

माझ्या कामाच्या गावातलीच एक बाई. अवघड बाळंतपणानंतर तिला बसवत नव्हते. दोन वर्षे ती जेवणही उभ्यानेच करायची. घरचे म्हणत, हिला काम नको म्हणून सोंग. पिशवी काढायची तारीख ठरली होती. माझी हकिकत माझ्या पत्नीने तिला सांगितली, आणि तारीख पुढे ढकलून आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दुसरा सल्ला घ्यायला लावले. पिशवीत दोष निघाला नाही. मग दोघी नागपूरला त्याच बाईंकडे गेल्या.

मी स्वतः पुरता बरा झालो असे म्हणणार नाही. सात-आठ महिन्यांनी तासभर बसता येऊ लागले, आता दीड तास. दगदग झाली की जळजळ परत येते, पण आता मी घाबरत नाही. आवळलेले सोडतो आणि पडून राहतो.

ती बाई पहिल्या खेपेला लाल गाडीत नागपूरपर्यंत उभीच गेली. गाडीत जागा होती. पाचव्या खेपेला परत येताना ती पत्नीशेजारी खिडकीजवळ बसली. भंडारा गेले, कारध्याचा वैनगंगेचा पूल आला, तोवर बसलेली होती. पूल ओलांडल्यावर उठून उभी राहिली. म्हणाली, "बाई, आजच्यासाठी पुरे."