भिंतीवरचं झाड

मुलीला खोलीत झाडाचं स्टिकर हवं होतं. बेळगावच्या पावसाळ्यात भिंती ओल धरतात, म्हणून दिवाळीपर्यंत थांबलो. पण आमच्या जुन्या भिंतीला चुना. गोंद भिंतीला नव्हे, चुन्याच्या भुकटीलाच चिकटतो. खरवडून रंग दिल्याशिवाय इलाज नव्हता. आणि त्याच चुन्यावर दादांनी, माझ्या वडिलांनी, नातीची उंची पेन्सिलीने मांडलेली. शेवटची रेघ २०१९ ची. पुढच्या वर्षी ते गेले.

रेघांपुरती पट्टी तशीच ठेवली. बाकीचा रंग तीन आठवडे वाळू दिला. मग वरून खाली, फडक्याने हवा काढत, झाड चिकटवलं. एक फांदी रेघांवर येत होती, ती मुलीनेच कात्रीने छाटली.

धारवाडच्या सासूबाई म्हणाल्या, "मर छंद अद!" झाडाला 'मर' म्हटलेलं ऐकून मी अजूनही दचकतो.