अंग आणि आङ

पहिल्याच दिवशी माझ्या एका विद्यार्थिनीनं पेशंटचं वय उणे पाच काढलं. समोरच्या बाईंनी जन्मसाल सांगितलं होतं २०२८, आणि आमच्या हिशेबानं चालू होतं २०२३. मुलगी हुशार; वजाबाकी बरोबर केली, उत्तराकडे पाहिलं, मग बाईंच्या सुरकुत्यांकडे पाहिलं आणि हळूच मला हाक मारली. नेपाळात विक्रम संवत चालतो. स्वास्थ्य चौकीच्या भिंतीवर २०७९ सालचा चैत लटकत होता. बाई एक्कावन्न वर्षांच्या होत्या.

पुढची गर्भवती होती. शेवटची पाळी ‘माघ पंधरा गते’. नऊ महिने सात दिवस मिळवायचा नियम मुलींना झोपेत विचारला तरी येतो, पण मिळवायचे कशात? एकीनं मोबाइलवर कालनिर्णय उघडलं. त्यांचा माघ संक्रांतीला सुरू होतो आणि आपला अमावास्येनंतर, हे कळेपर्यंत बाळंतपणाच्या तीन वेगवेगळ्या तारखा निघाल्या होत्या. शेवटी चौकीतल्या अनमींनी (आपल्याकडच्या एएनएमना तिथे असंच म्हणतात) बोटांच्या पेरांवर मोजून चौथी सांगितली. ती बरोबर होती.

काठमांडूहून बनेपा, तिथून जीपनं वर, काभ्रे जिल्ह्यातलं डोंगरउतारावरचं गाव. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या आठ मुली, एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर आणि मी. कॉलेजच्या फ्लेक्सवर आमचे फोटो ‘आंतरराष्ट्रीय सेवा’ या शब्दांखाली झळकले होते. असल्या दौऱ्यांना कॉलेजच्या मूल्यांकनात गुण मिळतात, हे मला ठाऊक होतं. मुलींना ठाऊक नव्हतं. मुलींच्या घरच्यांनी मात्र गावभर पेढे वाटले होते. एकीचा बाप तर बसस्टँडवर माझ्या पाया पडला. विमानात बसणारी ती त्यांच्या घरातली पहिली.

गृहभेटीला बॅग टेक्निक नावाचा प्रकार असतो. घरात शिरल्यावर कागद अंथरायचा, त्यावर नर्सिंग बॅग ठेवायची, हात धुवायचे, मग सामान काढायचं. काम झाल्यावर पुन्हा हात धुवायचे. त्याचे मी काटेकोर मार्क देते. त्या गावात पहिल्या घरी हात धुवायला पाणी मागितलं, तेव्हा घरातल्या पोरीनं गाग्री उचलून आणली. आपली घागरच ती. माझी विद्यार्थिनी पुस्तकातल्यासारखी बोटांच्या बेचक्यांतून साबण फिरवत राहिली, आणि पोर एका लयीत पाणी ओतत राहिली. नंतर कळलं, ती गाग्री भरायला पोर उतार उतरून धाऱ्यावर, म्हणजे पाणवठ्यावर जाते आणि चढून येते. दुसऱ्या घरापासून आम्ही सॅनिटायझर काढला. हात डोळ्यांना मळलेले दिसत नसतील तर पुस्तकालाही ते चालतं. पण पहिल्या घरी ते माझ्या लक्षात का आलं नाही?

गाग्रीपासून मुलींना नाद लागला. सासूला सासूच म्हणतात. ‘कहाँ दुख्छ?’ हे कुणालाही न शिकवता कळतं. लघवीला जळजळ होते हे सांगताना बाई म्हणतात, ‘पिसाब पोल्छ’, पोळणं आपलंच. लिपी एक, त्यामुळे औषधांच्या दुकानावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत चालायचं. जीवनजल म्हणजे ओआरएस हे कळल्यावर तर मुली खूशच झाल्या. आपण त्याला इतकं चांगलं नाव का दिलं नाही, असा जेवताना वाद झाला. मग आम्ही वरच्या तामाङ वस्तीत गेलो आणि हा आनंद ओसरला. तिथल्या म्हाताऱ्यांना नेपाळीच परकी होती. आमची मराठी, दुभाष्याची नेपाळी आणि त्यांची तामाङ, अशा तीन पायऱ्या उतरेपर्यंत पोटदुखीची पाठदुखी होऊन जायची.

आमच्या कामाचा मुख्य भाग होता गर्भाशय खाली सरकलेल्या बायका शोधणं. डोंगराळ नेपाळात हे दुखणं फार जुनं. घरीच बाळंत व्हायचं, आणि सुत्केरी म्हणजे ओली बाळंतीण असतानाच पाठीवर डोको घेऊन गवताला, लाकडाला निघायचं. डोको म्हणजे बांबूची निमुळती टोपली. तिचा सगळा भार नाम्लोवर, कपाळावरून घेतलेल्या पट्ट्यावर. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं या दुखण्याकडे सरकारनं केलेलं दुर्लक्ष म्हणजे बायकांच्या प्रजननआरोग्याच्या हक्काचा भंग आहे, असा निकाल दिला. मला तो निकाल वर्गात सांगायला आवडतो. न्यायालयात जाऊन पोहोचलेलं गर्भाशय मुलींच्या लक्षात राहतं.

फॉर्म मी पुण्यातच तयार केला होता. शहरातल्या एका जाणकाराकडून नेपाळी करून घेतलेला प्रश्न होता: ‘पाठेघर खस्ने समस्या छ?’ गर्भाशय खाली येण्याची समस्या आहे का? दोन दिवस मुलींनी तो प्रत्येकीला विचारला. प्रत्येकीनं मान हलवली. छैन. नाही. फॉर्मवर नाहीच्या चौकटींत बरोबरच्या खुणांची सरळ रांग उभी राहिली आणि संध्याकाळी डॉक्टर म्हणाल्या, ‘गाव नशीबवान दिसतंय.’ मी काही बोलले नाही. गडचिरोलीतल्या दोन गावांची राणी आणि अभय बंग यांची पाहणी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. ६५० बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हे आकडे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. परीक्षेत त्याला दोन मार्क असतात. तेच आकडे घेऊन मी आयुष्यभर वर्गात उभी राहिले आणि इथे येऊन नाहीच्या खुणा मोजत बसले होते.

आठ मुलींत एक बीडची होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या सुमाराला कोयता बाहेर पडला की ही आजीजवळ राहायची. वर्गात फारसं बोलत नाही. तिसऱ्या दिवशी आमच्याबरोबर फिरणाऱ्या स्वास्थ्य स्वयंसेविका गवताचा डोको घेऊन वरून उतरल्या. नेपाळात १९८८ पासून अशा स्वयंसेविका आहेत, आपल्या आशांच्या कितीतरी आधीपासून. या मुलीनं त्यांच्याकडून डोको मागून घेतला, नाम्लो कपाळाला लावला आणि दहा-बारा पावलं चढली. बाकीच्या हसल्या, फोटो काढू लागल्या. ती परत आली ती घामाघूम.

‘मॅडम, मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना आई म्हणते ना, सगळं खाली ओढतंय, तसंच होतंय.’

मग ती स्वयंसेविकांशेजारी दगडावर टेकली. हातात फॉर्म नव्हता. ओटीपोटाशी पंजा धरून तो खाली नेला आणि चक्क मराठीत विचारलं, ‘दिदी, अंग बाहेर येतं?’

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, ‘आङ खस्छ, नानी.’

आङ म्हणजे अंग. आमच्या सगळ्या ट्रेनिंगनिशी दोन दिवस तोंड चालवून जो शब्द सापडला नव्हता, तो बीडच्या एका घरात चुलीपुढे कुजबुजत वाढलेला होता. पाठेघर हा दवाखान्यातला शब्द, निवडणुकीच्या फॉर्मसारखा. त्याला नाही म्हणणं सोपं. स्वयंसेविका स्वतः तिसऱ्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी गवताला गेल्या होत्या. गावातल्या सगळ्यांच्या तक्रारी लिहून घेणाऱ्या या बाईंनी स्वतःची कुठे सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फॉर्मवर पेनानं काट मारून शब्द बदलला. नाही म्हणून गेलेल्यांतल्या कितीतरी जणी, काहीतरी विसरल्याचं निमित्त करून, पुन्हा आल्या.

इथे गोष्ट छान संपली असती. पण आम्ही रिंग पेसरीचं खोकं नेलं होतं. योनीमार्गात बसवली की गर्भाशयाला आधार देणारी साधी कडी. डॉक्टर बसवायला उत्सुक, मुली लॉगबुक भरायला उत्सुक. अनमींनी खोकं उघडून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, ‘तुम्ही गेल्यावर तीन महिन्यांनी ही काढून, धुऊन, परत कोण बसवणार?’ पूर्वी एका शिबिरात बसवलेली रिंग काही वर्षांनी एका म्हातारीच्या अंगातून त्यांनी स्वतः काढली होती. ती रुतून बसली होती. शिबिर कोणाचं, कुठून आलेलं, म्हातारीला आठवत नव्हतं. बॅनर मोठा होता, एवढंच तिनं सांगितलं.

मला राग आला, हे कबूल करते. एवढं सामान, एवढी यातायात करून आलेल्या पाहुण्यांशी असं बोलतात का? रात्रभर तो राग चघळला. सकाळपर्यंत त्यात चव उरली नव्हती. मग असं ठरलं की अनमी ज्यांचं नाव स्वतःच्या रजिस्टरमध्ये लिहायला तयार असतील, त्यांनाच रिंग बसवायची. तीही त्यांच्या देखत, मापं त्यांच्या हातानं घेऊन. सहाजणी झाल्या. बाकी बायकांना मुलींनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले आणि खोकं चौकीच्या कपाटात ठेवलं. मुलींची लॉगबुकं जवळजवळ रिकामीच आली. परत आल्यावर कॉलेजच्या अहवालात लाभार्थींची संख्या कमी दिसते म्हणून मला दोनदा विचारणा झाली.

परतीच्या दिवशी काठमांडूच्या विमानतळावर मुली घड्याळं पंधरा मिनिटं मागे घेत होत्या. बीडची मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. वहीच्या मागच्या पानावर तिनं रिंगची मापं लिहून घेतली होती, मिलिमीटरमध्ये, एकाखाली एक.

‘मॅडम, आमच्या पीएचसीत मिळेल ही?’

‘चौकशी करून सांगते,’ मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं.

‘माप आधी बघावंच लागतं ना?’

‘बघावंच लागतं.’

तिनं वही मिटली. ‘मग आधी आईला विचारावं लागेल,’ ती म्हणाली, आणि बराच वेळ फोन हातात धरून बसली.